बंदुकीच्या परवान्याआधी दिवसाची लाईट

बिबट्या दिसला की गावात दोन मागण्या हमखास होतात. पहिली, पिंजरा लावा. दुसरी, बंदुकीचे परवाने द्या. पिंजरा येतो, त्यात शेळी बांधली जाते, दोन-चार रात्री गाव जागतं आणि मग तो पिंजरा धुऱ्यावर तसाच गंजत पडतो. परवान्याची मागणी मात्र दर वेळी जरा जास्तच जोरात होते. ग्रामसभेत ठराव होतो, पुढारी निवेदन देतात, पेपरात फोटो येतो. शेतकऱ्याला स्वतःचा जीव वाचवायचा हक्क नाही का, हा त्यामागचा सवाल. तो ऐकायला इतका रास्त वाटतो की उलट प्रश्न कुणी विचारत नाही. मला तो विचारायचा आहे. बंदूक हातात असती, तर आजवर गेलेल्यांपैकी नेमकं कोण वाचलं असतं?

हक्काचं आधी बोलू, कारण त्याबाबत पारावर भलतंसलतं ऐकायला मिळतं. वाघानं माणूस मारला तर पैसे, माणसानं वाघ मारला तर जेल, हे तर आता म्हणीसारखं झालंय. कायदा तसा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमात साफ लिहिलंय की स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना सद्भावनेनं वन्य प्राणी मारला गेला किंवा जखमी झाला, तर तो गुन्हा होत नाही. बिबट्या असो, अस्वल असो, लांडगा असो. त्याला दोन गोष्टी जोडलेल्या आहेत. त्या वेळी तुम्ही स्वतःच या कायद्याविरुद्ध काही करत नसावं. म्हणजे रानात फासे लावायला गेलात, डुक्कर अंगावर आलं आणि तुम्ही त्याला भोसकलं, तर ही सवलत तुम्हाला नाही. शिवाय मेलेला प्राणी सरकारच्या मालकीचा. त्याची नखं घरी नेली की सगळं प्रकरण उलटलं. आणि ही सवलत माणसाच्या जिवापुरती आहे, शेळीसाठी किंवा उसासाठी नाही. हे कटू आहे, पण आहे ते असं आहे.

बंदुकीचंही तसंच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद पहिल्यापासून आहे. परवाना मिळायला चपला झिजतात, ही तक्रार खरी. पण कायद्यानं हात बांधलेत म्हणून माणसं मरतात, हे काही खरं नाही.

आता माणसं मरतात कशी ते बघू. २०२० च्या नोव्हेंबरात बीडच्या आष्टी तालुक्यात एका बिबट्यानं काही दिवसांच्या आत तिघांचा जीव घेतला. त्यात एक लहान मुलगा होता. सगळा तालुका घरात बसला. कापूस वेचायला बाया जाईनात, तूर तशीच उभी. पुढं तो सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात गेला, तिथंही बळी गेले. त्याला ठार मारायचा हुकूम झाला. वनखात्याची पथकं, पोलीस, पिंजरे, ड्रोन, बाहेरून आलेले नेमबाज, सगळा लवाजमा त्याच्या मागं लागला. तरी तो मारला गेला १८ डिसेंबरला. ज्यांचा पेशाच नेम धरणं आहे, ज्यांच्याकडं चांगल्या बंदुका आहेत, ज्यांना त्या काळात दुसरं काही काम नव्हतं, त्यांना एवढे दिवस लागले. मग रात्री बारा वाजता गव्हाला पाणी देणारा माणूस काय करणार होता?

बिबट्या समोर येऊन डरकाळी फोडत नाही. तो मागून किंवा बाजूनं येतो आणि थेट मानेला धरतो. उभ्या, मोठ्या माणसाला तो सहसा टाळतो, कारण दोन पायांवर चालणारं एवढं उंच जनावर त्याच्या खाण्याच्या यादीत नाही. बसलेलं, वाकलेलं माणूस किंवा लहान मूल मात्र त्याला शेळी-कुत्र्याच्या मापाचं दिसतं. खुरपणारी बाई, वैरण कापणारा गडी, परसाकडला बसलेला माणूस, बांधावर खेळणारं पोर: बळींची यादी काढून बघा, बहुतेक नावं यातच बसतील. अशा माणसाच्या पाठीवर झेप पडल्यावर ठासणीच्या बंदुकीत दारू कोण ठासणार आणि छर्रे कोण भरणार? भरलेली बंदूक कडेला ठेवून खुरपायचं म्हटलं, तर ती पोराच्या हाती लागायची धास्ती बिबट्यापेक्षा मोठी.

पिंजऱ्याचं थोडक्यात सांगतो. जुन्नर भागात २००१ नंतर बिबटे धडाधड पकडून दुसरीकडं नेऊन सोडले गेले आणि त्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी यावर अभ्यास करून ठेवलाय. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर आपल्या जागेकडं परतायच्या नादात गावागावांतून फिरतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवं जनावर येऊन बसतं. अकोल्याच्या बाजूला, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, त्यांनीच दाखवलं की जंगल नसलेल्या, उसानं भरलेल्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच बिबटे राहत होते आणि त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता. नरभक्षक ठरलेला बिबट्या पकडायलाच किंवा मारायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नुसता दिसला म्हणून पकडा, ही मागणी आपल्याच अंगावर उलटते.

इथं शहरातल्या प्राणिप्रेमी मंडळींनाही दोन शब्द सुनावायला हवेत. बातमीखाली त्यांचं ठरलेलं वाक्य असतं: तुम्ही त्यांच्या घरात शिरलात. कोणाच्या घरात? मराठवाड्यात वन आहेच कुठं? लातूर जिल्ह्यात एक टक्कासुद्धा नाही. किनवट-माहूर, गौताळ्याचा डोंगर, बालाघाटाच्या काही दऱ्या सोडल्या तर पिढ्यान् पिढ्या नांगरलेली काळी जमीन आहे सगळी. इथं माणूस जंगलात गेलेला नाही. जायकवाडीच्या, माजलगावच्या पाण्यावर ऊस वाढला, त्या उसात सावली, पाणी, डुकरं आणि कुत्री आयती मिळाली, म्हणून बिबट्या शेतात राहायला आला. उसातच त्याची पिल्लं होतात. त्या पिल्लांना जंगल म्हणजे काय ते माहीतही नसतं. वाघांचं तर आणखीच. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ २०२१ साली गौताळ्यात पोचला. दुसरा २०२४ च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या रामलिंग घाटात दिसला. मधल्या शेकडो किलोमीटरच्या शेतांतून ते रात्रीचे चालत आले आणि वाटेतल्या बहुतेक गावांना त्याचा पत्ताही लागला नाही. म्हणजे ही जनावरं माणूस टाळून जगू शकतात. प्रश्न आहे तो आपण त्यांना टाळू शकतो का, हा.

आणि रात्रीच्या वेळी आपण टाळू शकत नाही, याला कारण आहे. शेतीच्या फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, थ्री-फेज वीज पाळीनं येते. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. पाळी रात्रीची आली की शेतकऱ्याची झोप गेली.

रात्रीचं दारं धरणं, म्हणजे पिकाला पाणी देणं, ज्यानं केलेलं नाही त्याच्यासाठी जरा जवळून सांगतो. जानेवारीची थंडी, गहू ओंब्यात आलेला. बाराच्या सुमाराला लाईट येते, ऑटोवर टाकलेली मोटार आपोआप धरते. डोक्याला बॅटरी, खांद्यावर फावडं, अंगावर घोंगडी नाही तर जुनं स्वेटर. पाणी पाटातून येतं, सारा भरला की दारं बांधायचं आणि पुढच्या साऱ्याचं मोडायचं. दर वेळी वाकायचं. चिखल गुडघ्याखाली, त्यात बूट रुततो, ओढून काढेपर्यंत पाणी फुटतं, म्हणून पाय अनवाणी. मोटारीचा आणि पाण्याचा आवाज असा की मागं पाचोळा वाजला तरी कळायचं नाही. उजेड जमिनीवर, पुढच्या हातभर जागेवर. बाकी सगळा काळोख. सोबत कुणी नाही, कारण दोन माणसांची मजुरी कोण देणार? आता हाच माणूस बिबट्याच्या बाजूनं बघा: एकटा, वाकलेला, अंधारात, बहिरा झालेला. घोणशीच्या बाजूनं बघा: अनवाणी, आणि ओल्या शेतात उंदरांच्या बिळांवर पाय देत चाललेला. एवढी सगळी जोखीम एकाच माणसाच्या वाट्याला एकाच वेळी आणून द्यायची असती, तरी कुणाला यापेक्षा नेमकं वेळापत्रक आखता आलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मराठवाड्यात जनावरापासून जीव वाचवण्याचं पहिलं साधन दिवसाची लाईट आहे. हत्यार त्यानंतर, बरंच नंतर. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, आता मागेल त्याला सौर पंप आहे, दहा टक्के भरून. चांगलं आहे. पण या योजनांचा हिशोब अजूनही मेगावॉट, अनुदान आणि थकबाकी यातच चालतो. कोणत्या फीडरला दिवसाची वीज आधी द्यायची, हे ठरवताना जागा, उपकेंद्र, ठेकेदार सगळं बघितलं जातं. त्या फीडरवर गेल्या काही वर्षांत किती हल्ले झाले, किती साप चावले, हे बघितलं जातं का? वनखात्याकडं हल्ल्यांची नोंद आहे, आरोग्य खात्याकडं सर्पदंशाची आहे, महावितरणकडं फीडरचा नकाशा आहे. तिन्ही कागद एका टेबलावर ठेवले तर कुठल्या गावाला आधी सौर पंप द्यायचा ते तासाभरात कळेल. बंदुकीच्या परवान्याचं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना देणाऱ्यांनी ही मागणी एकदा तरी करून बघावी.

यावर लगेच कुणी म्हणेल की आष्टीतला बिबट्या काही फक्त रात्रीच आला नव्हता. बरोबर आहे. दिवसा लाईट आली म्हणून बिबट्या संपत नाही, आणि पोरं दिवसाच रानात असतात. दिवसासाठी वेगळं शहाणपण लागतं, ते पुढं येईल. पण एका माणसाच्या नशिबी किती वेळा अंधारात वाकणं येतं, हा आकडा निम्मा करता येत असेल तर तो आधी करायचा, उरलेल्याची चर्चा नंतर.

सापाचं मुद्दाम वेगळं सांगतो, कारण बिबट्याच्या बातमीपुढं तो कायम मागं पडतो. देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज अभ्यासकांनी काढलाय. बिबट्या, वाघ, अस्वल, लांडगा या सगळ्यांनी मिळून घेतलेले जीव याच्या जवळपासही जात नाहीत. तरी कुठल्या गावानं सापासाठी रास्ता रोको केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. साप चावणं हे आपण नशिबाच्या खात्यात टाकून मोकळे झालोय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य मारेकरी, आणि चारही आपल्याकडं आहेत. यातली मण्यार रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घरच्यांना वाटतं वाळकं खाल्लं म्हणून असेल. यावरचा स्वसंरक्षणाचा उपाय म्हणजे खाट आणि अंथरुणात नीट खोचलेली मच्छरदाणी. शौर्य दाखवायला त्यात काही वाव नाही, म्हणून बहुधा त्यावर कुणी भाषण करत नाही.

चावल्यावरचं शहाणपणही तितकंच साधं. मारुतीच्या पारावर नेऊन बसवायचं, लिंबाचा पाला चघळायला देऊन कडू लागतो का विचारायचं, या सगळ्यात जो तास जातो तोच जीव घेतो. चिरा देऊ नका, चोखू नका, घट्ट आवळू नका, तो अवयव हलू देऊ नका, आणि १०८ ची वाट बघण्याइतका वेळ नसेल तर मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. आता दवाखान्याची बाजू. विषाची लक्षणं दिसत असतील तर प्रतिविषाची सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोनच कुप्या असतील, किंवा असूनही रिॲक्शनच्या भीतीनं डॉक्टर 'पुढं न्या' अशी चिठ्ठी लिहीत असतील, तर त्या केंद्राची इमारत असून उपयोग काय? जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडच्या ग्रामीण दवाखान्यात बसले आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीनं विंचू चावलेल्यांचं मरण थोपवून दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आपल्याकडं सत्कारही झाले. विषारी जिवापासून माणूस वाचतो तो गावाजवळ जागेवर असलेल्या डॉक्टरमुळं, हे त्यांच्या कामातून सरळ दिसतं. ग्रामसभेनं ठराव करायचाच असेल तर आरोग्य केंद्रात पावसाळ्याआधी कुप्या किती आहेत ते विचारण्याचा करावा.

रानडुकराचा प्रश्न निराळा आहे आणि त्यात आपल्या अंगावरची घाणही बघायला लागते. डुक्कर रोज रात्री नुकसान करतं. मका, भुईमूग, ऊस, हुरड्यात आलेली ज्वारी, काही सोडत नाही. रोही, म्हणजे नीलगायी, येतात ते वेगळेच. पूर्वी माळ्यावर बसून जागल करायचे, गोफण, हाळी, डबडं वाजवणं, सगळं चालायचं. आता जागलीला माणूस मिळत नाही. मग तारेत थेट करंट सोडला जातो. डुक्कर मरतं कधीमधी. शेजारचा शेतकरी, पहाटे लघवीला उठलेला गडी, कधी स्वतः तार लावणाराच, असे बळी दर हंगामात पेपरात येतात. त्याला जनावराचा हल्ला म्हणत नाहीत, पण माझ्या हिशोबात ते त्याच खात्यातले मृत्यू आहेत. झटका मशीन वेगळं. ते बॅटरीवर चालतं, क्षणभराचा ठोका देतं आणि सोडतं, जनावर दचकून मागं फिरतं. थेट तार सोडणारा माणूस पैसे वाचवतो आणि सदोष मनुष्यवधाचा गुन्हा ओढवून घेतो. कणकेत गुंडाळून ठेवलेल्या गावठी बॉम्बबद्दल बोलायलाच नको. डुकरासाठी ठेवलेला गोळा गाय खाते आणि तिचा जबडा फाटतो. मालकाला तिच्याकडं बघवत नाही.

डुक्कर अंगावर आलंच तर? ते माणसाला खायला येत नाही, वाट काढायला येतं. कोंडलं गेलं, कुत्र्यांनी घेरलं किंवा पिल्लं सोबत असली की मुसंडी मारतं आणि सुळा मांडीला लागतो. त्याची वाट अडवायची नाही. ट्रॅक्टरवर, झाडावर, उंच बांधावर, जिथं जमेल तिथं चढायचं. मांडीची मोठी रक्तवाहिनी फाटली तर उपरणं, पदर, जे हाती येईल ते जखमेवर दाबून धरायचं आणि दवाखान्यापर्यंत हात काढायचा नाही. ऊस तोडताना शेवटचा तुकडा उरतो तेव्हा सगळी जनावरं त्यात गोळा झालेली असतात. त्या वेळी चारही बाजूंनी गलका करून घेरायची हौस असते, ती सोडावी. एक बाजू मोकळी ठेवली की अर्धं काम होतं.

ऊसतोडीवरून आठवलं. मराठवाड्यातल्या लाखो माणसांची बिबट्याशी गाठ पडते ती मराठवाड्यात नाही, तर जुन्नर-शिरूर-संगमनेरच्या फडात. बीडचे कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, तिकडं जातात, उसाच्या कडेला कोप्या पडतात, पहाटेच्या अंधारात तोडणी सुरू होते, आणि पाचटावर लेकरू झोपवून आई मोळ्या बांधते. कोपीला दार नाही, कडी नाही. त्या भागातल्या बागायतदारांच्या बायकांनी २०२५ मध्ये गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला सुरुवात केली. असे पट्टे आपल्याकडं धनगर लांडग्यापासून वाचावं म्हणून आपल्या कुत्र्याच्या गळ्यात बांधतात. तोडणीच्या बायांना तेवढाही मिळत नाही. कारखान्यानं टोळी आणताना उचल किती द्यायची यावर महिनाभर घासाघीस होते. कोपीभोवती जाळी, एक सौर दिवा आणि पोरांना दिवसभर ठेवायला बंद खोली, हे त्या करारात कुठंच नसतं. फडात पिल्लं सापडली तर ती उचलून फोटो काढायचे नाहीत, एवढं तरी मुकादमानं सांगावं. तोड थांबवून १९२६ वर फोन केला तर वनखात्याची माणसं संध्याकाळी पिल्लं त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाते, हे अनेकदा झालेलं आहे. पिल्लं हलवली की ती आई रात्रभर कोप्यांभोवती फिरते.

बिबट्या समोर उभाच राहिला तर काय करायचं, हे शाळेत पोरांना पाढ्यांसारखं पाठ करून घ्यायला हवं. पळायचं नाही. बसायचं नाही, दगड उचलायला वाकायचंसुद्धा नाही. हात वर करून अंगापेक्षा मोठं दिसायचं, ओरडायचं, लहान पोर जवळ असेल तर त्याला उचलून घ्यायचं, आणि नजर न काढता पावलापावलानं मागं सरायचं. रानात बसून काम करायचंच असेल तर एकानं उभं राहून राखण करायची. मोबाइलवर गाणी लावून खुरपायची टिंगल होते, पण ती गाणी कामाची आहेत.

किनवट-माहूरची गोष्ट या सगळ्याहून वेगळी. तिथं खरोखर जंगल आहे आणि माणूस त्यात जातो, कारण त्याचं पोट त्यात आहे. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं रात्रीतून गळतात. पहाटे वेचली नाहीत तर गुरं आणि हरणं खाऊन टाकतात. अस्वलालाही मोह तितकाच आवडतो. त्याला दिसतं कमी, ऐकू बेताचंच येतं, आणि जवळ गेल्यावर दचकलं की ते पळण्याऐवजी अंगावर येतं, थेट तोंडावर. अस्वलाच्या तावडीतून वाचलेला माणूस जन्मभर चेहरा झाकून फिरतो. इथं फीडर बदलून काही होणार नाही, वेळापत्रक झाडाचं आहे. तिथल्या गोंड-कोलामांची जुनी रीत हीच की एकट्यानं जायचं नाही, बोलत, खोकत, काठी आपटत जायचं. झालाच हल्ला तर पालथं पडून दोन्ही हात मानेवर घट्ट बांधायचे, चेहरा जमिनीत खुपसायचा. सरकारनं करण्यासारखं एक आहे: मोहाला बरा भाव. चार पैसे जास्त सुटले तर दिवस उजाडेपर्यंत थांबून थोडी फुलं हरणांसाठी सोडून देणं परवडतं.

अफवांबद्दल एकच सांगतो. २०२१ च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावात माकडांनी कुत्र्याची पिल्लं उचलून नेल्याचा प्रकार झाला, वनखात्यानं दोन माकडं पकडली. तोवर ती बातमी शेकडो पिल्लांचं हत्याकांड म्हणून जगभर फिरून आली होती. आपल्याला हसू आलं, पण बिबट्याच्या बाबतीत आपण रोज तेच करतो. कुठल्या तरी राज्यातला जुना व्हिडिओ आमच्या शिवारातला म्हणून फिरतो, पाचशे माणसं मोबाइल काढून उसाला वेढा घालतात, आणि बिचकलेलं जनावर पळता पळता तिघांना फाडतं. त्या तिघांना वाचवायला गर्दी घरी बसणं पुरेसं होतं.

भरपाईचं बघू. वाघ, बिबट्या, अस्वल, डुक्कर, लांडगा यांच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य सरकार २०२३ पासून २५ लाख रुपये देतं. रक्कम चांगली आहे, देशातल्या मोठ्या रकमांपैकी एक आहे. पण त्या यादीत साप नाही. साप चावून शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात सानुग्रह योजनेतून दोन लाख मिळतात, तेही सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. मग रात्री दारं धरायला प्रत्यक्षात कोण जातं ते आठवा. परभणी-हिंगोलीकडं मालक गावात झोपतो. आखाड्यावर, म्हणजे रानातल्या गोठ्यावर, असतो तो सालगडी, बैलांशेजारी, जमिनीवर अंथरलेल्या पोत्यावर. त्याच्या नावावर सातबारा नाही. साप चावून तो गेला तर या योजनेत त्याच्या बायकोला एक रुपयाही नाही. जो माणूस सगळ्यात जास्त अंधारात असतो, तोच कागदावर कुठं नाही.

त्यामुळं सरकारकडं निवेदन घेऊन जाण्याआधी आपल्या आखाड्याकडं बघायला हरकत नसावी. पाडव्याला साल ठरतं. धान्य किती, रोख किती, कपड्याचे जोड किती, चपलेचा जोड किती, सगळं बोललं जातं. त्यात एक खाट, एक मच्छरदाणी, एक चांगली बॅटरी आणि गुडघ्याइतके गमबूट घालायचे. हे मी आमच्याकडं बोलून पाहिलं तेव्हा खाटेला कुणी ना म्हटलं नाही, बॅटरी तर बहुतेकांनी आधीच दिलेली होती. अडलं ते बुटावर. चिखलात तो रुततो, हे खरंच आहे. पण पाटापर्यंतची वाट, कडब्याच्या गंजीजवळची आणि बांधावरच्या गवतातली ये-जा ही सगळी कोरड्यात होते आणि साप बसतो तो तिथंच. साऱ्यात उतरताना बूट बांधावर काढून ठेवता येतो. पुन्हा घालण्याआधी तो उपडा करून आपटायचा मात्र विसरायचं नाही.